विश्लेषण : छोट्या जातीचे पिल्लू घरात एकटे असताना ठेवायचे कुठे? बाल्कनी, बाथरूम की पिंजरा?

शनिवारी दोन महिन्यांचे शिह त्झूचे पिल्लू घरी येते. रविवारी इमारतीतली सगळी मुले त्याला पाहून जातात, फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरतात. सोमवारी सकाळी मात्र घरातल्या दोघांना ऑफिस असते, मुलांना शाळा असते आणि दारात चपला घालताना कुणाच्या तरी लक्षात येते, की याला आता ठेवायचे कुठे? घाईघाईत त्याला बाल्कनीत ठेवून दार लावले जाते, नाही तर बाथरूममध्ये चादर अंथरून दिली जाते. ‘एवढेसे तर आहे, काय करणार?’ म्हणून काही जण हॉलमध्ये मोकळेच सोडून जातात.

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिकच्या फ्लॅटमध्ये पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, ल्हासा अप्सो, डॅशहंड, चिहुआहुआ अशा छोट्या जाती लोकप्रिय आहेत, त्या प्रामुख्याने कमी जागेत मावतात म्हणून. पण कमी जागेत मावणे आणि कुठेही ठेवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेल्या तिन्ही जागा पिल्लासाठी धोक्याच्या का, मग योग्य जागा कोणती आणि तिथेही ते किती वेळ एकटे राहू शकते, याचा हा आढावा.

छोट्या जातीच्या पिल्लाचा प्रश्न वेगळा का?

दोन महिन्यांच्या लॅब्राडोरचे वजन पाच-सहा किलोच्या आसपास असते. त्याच वयाचे पॉमेरेनियन किंवा शिह त्झू साधारण एक-दीड किलोचे असते आणि चिहुआहुआ त्याहूनही हलके. एवढ्या लहान शरीरामुळे चार गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट हाडांची. छोट्या जातींच्या पुढच्या पायांची हाडे अतिशय बारीक असतात. सोफ्यावरून किंवा पलंगावरून उडी मारताना, लहान मुलाच्या हातातून निसटताना पुढचा पाय मोडणे ही या जातींत नेहमी दिसणारी दुखापत आहे. मनगटाजवळच्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने तिथले हाड जुळायलाही त्रास होतो.

दुसरी गोष्ट रक्तातल्या साखरेची. तीन-चार महिन्यांखालील छोट्या पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा अगदी कमी असतो. जास्त वेळ उपाशी राहिल्यास, थंडी वाजल्यास किंवा खूप ताण आल्यास साखर झपाट्याने उतरते. तिसरी गोष्ट मूत्राशयाची. ते लहान असल्याने वारंवार शू करावी लागते. आणि चौथी गोष्ट म्हणजे फटी. ज्या फटीतून डोके जाते, त्यातून अंगही जाते आणि छोट्या पिल्लाचे डोके लिंबापेक्षा थोडेसेच मोठे असते. सेफ्टी डोअरची जाळी, बाल्कनीचे गज, सोफ्याखालची जागा, वॉशिंग मशीनची मागची बाजू, सगळीकडे त्याला वाट असते.

घरात मोकळे सोडले तर काय होते?

पिल्लू जग तोंडाने तपासते. दुधाचे २८ दात आलेले असतात आणि चौथ्या महिन्यापासून ते पडून कायमचे दात येऊ लागतात. सहा-सात महिन्यांपर्यंत ही प्रक्रिया चालते. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावले जाते. चप्पल किंवा टीव्हीचा रिमोट गेला तर नुकसान पैशांचे होते. वायर चावली तर मामला जिवाचा असतो.

चार्जर, वायफायचा राउटर, टेबल फॅन, इन्व्हर्टर यांच्या वायरी आपल्याकडे बहुतेक जमिनीलगतच लोंबतात. चालू वायर चावल्यास तोंड भाजते आणि फुप्फुसांत पाणीही साचू शकते. हे पाणी कधी कधी काही तासांनंतर साचते. त्यामुळे पिल्लू त्या क्षणी ठीक दिसले तरी पशुवैद्यकाला दाखवणे आवश्यक असते.

विषबाधेचा धोकाही घरातच असतो. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण कुत्र्यांसाठी घातक आहेत. साखरमुक्त च्युइंगममधील झायलिटॉलने कुत्र्याची साखर एकदम कोसळते आणि यकृत निकामी होऊ शकते. आजोबांच्या उशाशी ठेवलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी, कपाटाखाली गेलेली डांबराची गोळी, उंदराचे औषध, रिमोटमधले बटण सेल, डास मारणाऱ्या यंत्राचे द्रव्य ही यादी प्रत्येक घरात असते. कुंड्यांतील कण्हेर आणि सायकस जिवावर बेतू शकतात. मनी प्लांट आणि डिफेनबाखियाची पाने चावल्यास तोंडाची आग होते. माणसाच्या दृष्टीने किरकोळ असलेले प्रमाण एक किलोच्या शरीराला मोठे असते, हे इथे महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. दुपारी कामाला येणाऱ्या मावशी किंवा कुरिअरवाला आला की दार उघडते. मोकळे पिल्लू पायात येते, दारात चेंगरते किंवा जिन्यात पळते. लिफ्टचे जुने जाळीचे दार असेल तर धोका आणखी वाढतो.

बाल्कनीत काय बिघडते?

बाल्कनी हवेशीर असते, धुता येते, शूचा वासही घरात येत नाही. त्यामुळे ती सर्वांत सोयीची वाटते. पण ती माणसांच्या सोयीची आहे. सकाळी नऊ वाजता सावलीत असलेली बाल्कनी दुपारी दोनला तापलेली असू शकते. ऊन सरकते, पिल्लू सरकू शकत नाही.

कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड करतात. पग आणि शिह त्झू यांची नाके चपटी असल्याने त्यांना हेही नीट जमत नाही. पॉमेरेनियनच्या अंगावर दाट दुहेरी केस असतात. कुत्र्याचे शरीराचे सामान्य तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघात समजला जातो आणि अवयव निकामी होऊ लागतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा काच आणि फरशीने वेढलेल्या बाल्कनीत काय होईल, हे वेगळे सांगायला नको. कोकणात आणि मुंबईत तापमान कमी असले, तरी दमट हवेत धापा टाकून शरीर थंड होण्याचा वेग मंदावतो.

पावसाळ्यात बाल्कनी ओली, थंडीत गार आणि दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाच्या सर्वांत जवळ. गजांमधून पडण्याचा धोका बाराही महिने असतो. कबुतरांची विष्ठा हा आणखी एक त्रास.

गच्ची, जिना, पार्किंग?

गच्चीवर ऊन तर असतेच, शिवाय इतर प्राणी असतात. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या. अखेर वनविभागाने दोन माकडे पकडून नेली. हे टोकाचे उदाहरण असले, तरी उघड्यावरचे एकटे पिल्लू किती असहाय असते हे त्यातून दिसते.

जिना आणि पार्किंगचा धोका डोळ्यांना दिसत नाही. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा आजार आहे. त्याचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि चपलांबरोबर, इतर कुत्र्यांबरोबर पसरतो. लसीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात दिला जातो. त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस असतात. हे पूर्ण होईपर्यंत सार्वजनिक जागेत पिल्लू जमिनीवर सोडणे टाळायला हवे.

बाथरूम का नको?

बाथरूममध्ये वायरी नसतात आणि फरशी धुता येते, हे खरे. पण आपल्या बाथरूममध्ये भरलेली बादली असते, फिनाइल, ॲसिड, साबणाची वडी असते आणि फरशी ओली, गुळगुळीत असते. दीड किलोच्या पिल्लाला बादलीत डोकावताना तोल गेला तर बाहेर येता येत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय फाकत राहिल्याने वाढत्या सांध्यांवर ताण येतो.

शिवाय तिथे अंधार असतो, बाहेरचे काही दिसत नाही, घरातला वास आणि आवाज तुटतो. साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे वय हा पिल्लाच्या मनाच्या जडणघडणीचा काळ मानला जातो. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावर अनेक वर्षे काम करून १९६५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. या संवेदनशील काळाची संकल्पना त्यानंतर रूढ झाली. या वयात ‘एकटे पडणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडले जाणे’ असे समीकरण पिल्लाच्या मनात बसले, तर पुढे ते बराच काळ पुसले जात नाही.

दोरीने बांधले तर?

एकट्या पिल्लाला कधीही बांधून ठेवू नये. दोरी टेबलाच्या पायाला गुंडाळली जाते, गळ्याला आवळते आणि सोडवायला कुणी नसते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, चिहुआहुआ यांसारख्या छोट्या जातींची श्वासनलिका मुळातच नाजूक असते. सतत ओढ बसल्यास ती पुढे खचण्याचा त्रास वाढतो. म्हणूनच फिरायला नेतानाही गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस बरा. घरात एकटे असताना मात्र पट्टा आणि हार्नेस दोन्ही काढून ठेवावेत. ते गजात अडकू शकतात.

मग योग्य जागा कोणती?

घरातल्या माणसांच्या वावराची, सावलीची एक कोपऱ्यातली जागा आणि तिला चारी बाजूंनी जाळीचे कुंपण. त्यालाच प्लेपेन म्हणतात. या कुंपणाच्या आत एका टोकाला दार उघडे ठेवलेला छोटा क्रेट, म्हणजे झोपण्याची गुहा, आणि दुसऱ्या टोकाला शूची जागा. मध्ये पाणी आणि खेळणी.

या रचनेमागे पिल्लांची एक नैसर्गिक सवय आहे. साधारण तीन आठवड्यांची झाल्यावर पिल्ले झोपण्याच्या जागेपासून थोडे दूर जाऊन शू करू लागतात. झोपायची आणि शूची जागा वेगळी ठेवण्याची ही ओढ टिकवली, तर घरातली शिस्तही लवकर लागते. नुसत्या बंद क्रेटमध्ये पिल्लाला दूर जाता येत नाही. ते नाइलाजाने तिथेच घाण करते आणि हळूहळू त्याची ही ओढच मोडते. मोकळ्या घरात उलट होते. शंभर पावलांवर कुठेही शू करता येते, त्यामुळे शिकण्यासारखे काही उरतच नाही.

मापे किती असावीत?

बाजारात दोन फूट रुंदीच्या आठ जाळ्यांचे घडीचे प्लेपेन मिळतात. चौकोनात मांडले की चार फूट बाय चार फूट, म्हणजे १६ चौरस फूट जागा होते. सुरुवातीच्या महिन्यांना ती पुरते. उंची किमान दोन फूट हवी. डॅशहंडसारखी पिल्ले लवकर चढायला शिकतात, हे लक्षात घ्यावे. दोन गजांमधले अंतर पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा कमी आहे ना, हे घेण्याआधी मोजावे.

क्रेटसाठी नियम साधा आहे. प्रौढ कुत्र्याला आत मान न झुकवता उभे राहता यावे, पूर्ण वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे. बहुतेक छोट्या जातींना साधारण दोन फूट लांबीचा क्रेट चालतो. पिल्लू असताना मधला पडदा लावून तो लहान करता येतो.

विकत घेणे शक्य नसेल तर? मजबूत पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवून गुहा करता येते. कुंपणासाठी लहान मुलांचे सुरक्षा गेट दारात बसवून छोटी खोली वापरता येते. मात्र मुलांच्या गेटच्या गजांमधून छोट्या जातीचे पिल्लू सहज निघते, त्यामुळे खालच्या अर्ध्या भागाला बारीक जाळी बांधावी लागते.

वन आरकेमध्ये हे कसे बसवायचे?

साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात १६ चौरस फूट देणे म्हणजे पलंगाएवढी जागा देणे. अशा घरांत कुंपण दिवसा मांडून संध्याकाळी घडी करून भिंतीला लावता येते. सहा जाळ्या वापरून दोन फूट बाय चार फुटांची पट्टीही चालते, पण मग पिल्लाला एकटे ठेवण्याचा वेळ कमी करावा लागतो.

जागा निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. थेट ऊन पडणारी खिडकी आणि एसीचा थेट झोत टाळावा. मुख्य दारापासून दूर ठेवावे, म्हणजे जिन्यातल्या प्रत्येक पावलाला भुंकणे होणार नाही. ओट्याजवळ ठेवू नये, कारण गरम तेल आणि कुकरचा धोका असतो. देवघरातला दिवा आणि उदबत्ती जवळ नको. कुंपणापासून हातभर अंतरात वायर, पडदा, कुंडी नसावी. आणि लोड शेडिंग झाले, पंखा बंद पडला तरी त्या कोपऱ्यात हवा खेळते का, हे एका दुपारी स्वतः जमिनीवर बसून पाहावे. पिल्लाची हवा आपल्या नाकाच्या उंचीवरची नसते, जमिनीपासून सहा इंचांवरची असते.

आत काय ठेवावे, काय नको?

खाली घसरणार नाही असा, पुसता येणारा रबरी मॅट अंथरावा. फोमचे जोडायचे तुकडे आणि दोरे निघणाऱ्या सतरंज्या टाळाव्यात. पिल्लू त्या कुरतडून गिळते आणि आतड्यात अडथळा होतो. पाण्याचे भांडे उथळ, जड किंवा जाळीला अडकवता येणारे असावे. शूसाठी पॅडपेक्षा वर जाळी असलेला ट्रे बरा, कारण पॅड फाडून खाणारी पिल्ले खूप असतात. जुनी वर्तमानपत्रेही चालतात. ती थरांत घालून वरचा थर रोज बदलावा. शू पुसताना अमोनियाचा वास असलेले द्रव्य वापरू नये. त्या वासाने पिल्लू पुन्हा तिथेच येते.

खेळणी दोन-तीनच, पण रोज बदलती. रबराचे, आत खाऊ भरता येणारे खेळणे एकटेपणात सर्वांत उपयोगी पडते. तोंडात पूर्ण मावेल असे, डोळे-बटणे निघणारे किंवा आत शिट्टी असलेले खेळणे एकट्या पिल्लाजवळ ठेवू नये. शिजवलेली हाडे मुळीच नकोत. ती टोकदार तुटतात. घरातल्या माणसाचा वापरलेला जुना टी-शर्ट गुहेत ठेवला, तर ओळखीचा वास सोबत राहतो.

क्रेटमध्ये बंद करणे क्रूर आहे का?

यावर जगभर एकमत नाही. अमेरिकेत पिल्लाला क्रेटची सवय लावणे सर्रास चालते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये मात्र प्रवासासारखे अपवाद वगळता कुत्र्याला घरात बंद क्रेटमध्ये ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. दोन्हींकडून घेण्यासारखे काही आहे. क्रेट ही झोपायची जागा म्हणून उत्तम, कारण पिल्ले दिवसातले १८ ते २० तास झोपतात आणि त्यांना आडोसा आवडतो. पशुवैद्यकाकडे नेताना, प्रवासात, फटाक्यांच्या रात्री त्याची सवय कामी येते. पण ऑफिसच्या वेळात दार लावून ठेवण्याची कोठडी म्हणून तो वापरू नये. म्हणूनच कुंपणाच्या आत उघड्या दाराचा क्रेट ही रचना सुवर्णमध्य ठरते. शिक्षा म्हणून तर क्रेटचा वापर कधीच करू नये.

किती तास एकटे ठेवता येते?

इथेच खरी अडचण आहे. ढोबळ हिशेब असा सांगितला जातो, की पिल्लाच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवला की तेवढे तास ते जागेपणी शू रोखू शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास. छोट्या जातींत हा आकडाही जास्तच ठरतो. त्यामुळे दोन महिन्यांना दोन तास, तीन महिन्यांना तीन तास, चार महिन्यांना चार तास असे धरलेले बरे.

आता दुसरा हिशेब. सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी सातला परतणाऱ्या घरात साडेदहा तास जातात. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी या वेळेत किमान चार वेळा कुणीतरी यायला हवे. शूसाठी ट्रे आहे म्हणून ही गरज संपत नाही. या वयात दिवसातून चार वेळा खाणे लागते. सकाळी भांडे भरून ठेवले की झाले, असे होत नाही. पिल्लू ते एकदम खाते किंवा भीतीने खातच नाही.

साखर उतरली तर पिल्लू सुस्त होते, झोकांड्या खाते, थरथरते, झटके येतात किंवा बेशुद्ध पडते. अशा वेळी मध किंवा साखरेचे दाट पाणी हिरड्यांवर चोळावे आणि ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्यावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतू नये. पण हे सगळे करायला घरात माणूस हवा. जागा कितीही सुरक्षित केली, तरी कुंपण पिल्लाला भरवू शकत नाही.

कॅमेरा लावला तर?

घरातला जुना स्मार्टफोन वायफायला जोडून त्याचा कॅमेरा करता येतो. पहिल्या काही दिवसांत त्याचा खरा उपयोग होतो. पिल्लू किती वेळ रडले, कधी झोपले, कुंपणावर चढते का, ऊन कोपऱ्यात कधी येते, हे कळते. फक्त तो फोन आणि चार्जर कुंपणापासून लांब हवा. मात्र कॅमेरा संकट दाखवतो, निवारत नाही. हिंजवडीतल्या ऑफिसात बसून कोथरूडच्या घरातले पिल्लू अडकलेले दिसले, तर पोहोचायला लागणारा तास कॅमेरा कमी करत नाही. त्यासाठी किल्ली असलेला शेजारी हवा.

एकटे राहण्याची सवय कशी लावावी?

सोमवारी सकाळी सुरुवात करून चालत नाही. पिल्लू घरी आणल्यावर पहिला आठवडा, शक्य असल्यास दोन आठवडे, कुणीतरी सुट्टी घ्यावी. पहिल्या दिवसापासून जेवण आणि खाऊ कुंपणात, क्रेटच्या आत द्यावा, दार उघडे ठेवून. मग माणूस समोर असताना पाच मिनिटे कुंपण बंद. मग दुसऱ्या खोलीत जाऊन यायचे. मग दाराबाहेर जाऊन दोन मिनिटांनी परत. मग दहा, वीस, चाळीस मिनिटे. प्रत्येक टप्पा शांतपणे पार पडल्यावरच पुढचा घ्यावा.

निघण्याआधी खेळ, खाणे आणि शू झालेली असावी, म्हणजे बहुतेक वेळ झोपेत जातो. निघताना लाडाने निरोपाचा सोहळा करू नये. परतल्यावर घाण दिसली तर ओरडू नये. तासाभरापूर्वीच्या शूसाठी आता ओरडणे पिल्लाला कळत नाही. त्याला एवढेच कळते, की माणूस घरी आला की रागावतो. थोडे कुरकुरणे स्वाभाविक आहे. पण सलग रडणे, लाळ गळणे, जाळी चावून तोंड रक्ताळणे, खाऊला तोंड न लावणे ही भीतीची लक्षणे आहेत. अशा वेळी वेळ कमी करून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि मालक असून पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच आहे. त्यामुळे धाक कमी असला, तरी बाल्कनीत दिवसभर कोंडलेले पिल्लू हा फक्त घरगुती मामला नाही, हे यातून स्पष्ट होते.

कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पाच-सहा आठवड्यांचे ‘छोटेसे, गोंडस’ पिल्लू कुणी देऊ केले, तर ते नियमबाह्य आहे आणि एकटे राहण्याच्या दृष्टीने सर्वांत कच्चेही. सोसायटीच्या बाबतीत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र दिवसभर रडणाऱ्या पिल्लामुळे शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात आणि तेच शेजारी अडचणीत किल्ली घेऊन येणारे असतात.

कुंपण किती महिने ठेवावे?

घर एकदम मोकळे करू नये, फूट-फूट वाढवावे. पिल्लू सलग काही आठवडे आत घाण करत नसेल, वस्तू कुरतडत नसेल, तर आधी एक खोली, माणूस घरात असताना. मग तीच खोली अर्धा तास एकट्याला. कायमचे दात येऊन कुरतडणे ओसरेपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ महिन्यांपर्यंत तरी पूर्ण घर देण्याची घाई करू नये. अनेक घरांत वर्ष लागते. त्यानंतरही सोफ्याला आणि पलंगाला छोटी पायरी लावावी. हाडे मोठेपणीही बारीकच राहतात.

दोघेही दिवसभर बाहेर असतील तर?

पर्याय आहेत, पण ते पिल्लू आणण्याआधी ठरवायचे असतात. दोघांनी ऑफिसचे दिवस आळीपाळीने घ्यावेत. घरून काम असलेल्या तिमाहीत पिल्लू आणावे. आजी-आजोबा, कॉलेजला जाणारा शेजारचा मुलगा, कामाच्या मावशी यांच्याशी वेळ आणि मोबदला आधी ठरवून घ्यावा आणि खाऊ किती, कधी, हे कागदावर लिहून फ्रिजला लावावे. डे-केअर हा पर्याय लसीकरण पूर्ण झाल्यावरच. यातले काहीच जमणार नसेल, तर दीड-दोन वर्षांचा, घरात राहायची सवय झालेला कुत्रा दत्तक घेता येतो. तो सहा तास शांत झोपू शकतो. दोन महिन्यांचे पिल्लू ते करू शकत नाही.

पिल्लू कुठे ठेवायचे, या प्रश्नाचे सोपे उत्तर चार फूट बाय चार फुटांच्या कुंपणात आहे. ते बाजारात मिळते आणि अर्ध्या तासात मांडून होते. दुपारी साडेबाराला दार उघडून आत कोण येणार, हे उत्तर मात्र विकत मिळत नाही. ते शनिवारी पिल्लू घरी येण्याआधी तयार हवे.